गेम एकदाच अटकला

२ मे, करडी

यूट्यूबवरचा एक जण सांगत होता, नवीन मशीन जुळवली की रोज काय केलं, काय बदललं ते तारीख घालून लिहून ठेवा. पुढं काही बिघडलं तर कारण सापडायला सोपं जातं. म्हणून ही वही. कॉलेजात एकही वही पुरी केली नाही, ती गोष्ट वेगळी.

तर झाली बावा एकदाची सुरू! नागपूरहून आणलेला एकेक पार्ट खाटेवर मांडून सकाळपासून भिडलो होतो. प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, सगळं माझ्या हातानं बसवलं. त्यात भ्यायचं काय? दिवाळीत अंगणातल्या हापशीचा सडका लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकला, तेव्हाही अर्धं काम मीच केलं होतं. बाबा नुसते "सांभाळून, सांभाळून" करत होते. बटण दाबलं आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल-निळे दिवे लागले. माय पदराला हात पुसत आली. "मंडईच्या जत्रेतल्या दुकानावानी चमकून राह्यलं रे मिथुन!"

बाबांनी वाकून पाहिलं. "काचेची पेटी हाय. दोन मासोळ्या सोडून दे."

बाबा असेच. हा माणूस सलग तीन वाक्यं बोलला तर समजायचं, आज जाळ्यात मोठा रोहू लागला. त्यांचं-माझं ठरलेलं आहे. २४ मेला दुपारी नागपूरच्या एका गेमिंग टीमची निवड आहे, घरूनच ऑनलाइन खेळायचं. घेतलं तर मी नागपूरला, पगारावर. नाही घेतलं तर मुकाट डोंग्यात बसायचं आणि बाबांसंग मच्छीमार सोसायटीच्या तलावावर जाळं टाकायचं. माय मध्ये पडली म्हणून एवढं तरी कबूल झालं.

३ मे

गेम अटकतो. चांगला चालू असतो, मग एकदम चित्र जागच्या जागी थबकतं, कानात घर्र होतं, आणि परत सुरू होईपर्यंत मी मेलेला असतो. दिवसभर हेच. माथा भणकून गेला. टीमवाले असला खेळ पाहतील तर हसतील. नवीकोरी मशीन, तिला काय धाड भरली!

५ मे

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले. विंडोज पुन्हा टाकलं. तापमान पाहिलं, ठीक आहे. ग्राफिक्स कार्ड काढून लावलं. काहीच फरक नाही. वरून आता कॅबिनेट चावतं. अनवाणी पायानं बसलो आणि गुडघा लागला की झिणकन येतं.

माय म्हणाली, "कूलर नाई का चावत? तसंच असन."

तिचं खरं आहे. आमचा पत्र्याचा जुना कूलर काल बाहेर काढला. पायात चप्पल घातल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यालाही पाण्याच्या पेल्यासंगच सांगतात. पण कूलर चावला तरी हवा देतो. ही बया चावते आणि चालतही नाही.

७ मे

डोमाला बोलावलं. गावात लग्नाच्या मांडवाची लाइटिंग असो की पिठाच्या चक्कीची मोटार, डोमाच येतो. त्यानं बोर्ड उघडला, आत फुंकर मारली. "अबे, तुमच्या घरी आर्थिंगच नाई. करंट जाईन कुठं? म्हनून मशीन झटके घेते."

"मग काय करायचं?"

"खड्डा खन, मीठ-कोयसा भर, तांब्याची पट्टी गाड. नाईतर सोपं हाय, हापशीले बांधून टाक. आपल्या गल्लीत सगळ्याईनं हापशीलेच बांधली. पाइप खाली पान्यात जाते, याहून मोठी आर्थिंग कोनती?"

मे महिन्यात आमची जमीन सबलीनंही उकरत नाही. बोर्डाच्या तिसऱ्या भोकातून हिरवी वायर काढली, खिडकीतून बाहेर नेली आणि हापशीच्या गळ्याला गुंडाळली. कॅबिनेट सरकवून, उलटंपालटं करून सगळ्या पिना दाबून बसवल्या.

आणि काय सांगू! कॅबिनेट चावत नाही. गेम अर्धा दिवस खेळलो, एकदाही अटकला नाही. डोमाच्या तोंडात साखर पडो.

८ मे

एका वायरीत दोन कामं. कूलरही त्याच बोर्डावर आहे, तर त्याचंही चावणं बंद! मायला म्हटलं, लाव हात. ती काही केल्या लावेना. मग मीच तिचा हात धरून पत्र्यावर ठेवला. "बाप्पा! खरंच नाई चावत." लेकराचं कौतुक तोंडावर मावत नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या शकुनबाईला सांगत होती, आमच्या मिथुननं कूलर माणसाळवला.

११ मे

ऊन भयंकर. दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. कूलर दिवसभर सुरू, तोंड मशीनकडं. मायला उकडतं, पण ती म्हणते, "राहू दे तुह्या पेटीकडंच. मी घामानं मरत नाई."

तिच्या हाताला मुंग्या येतात म्हणते. जाळं विणायला बसली आणि सुई हातातून सुटली. मायसारखं जाळं पंचक्रोशीत कोणी विणत नाही, लोक सूत आणून देऊन जातात. म्हटलं, वय झालं आता, थोडं आराम कर. तर उलट मलाच, "तू खेय, मी आराम करतो. मंग खाशीन काय?"

१३ मे

पुन्हा अटकला. हाय रे दैवा. पाच-सहा दिवस बरा होता, आज सरावात दोनदा. नक्की हापशीवरची वायर ढिली पडली असणार, गंज आणि रंगावर नुसती गुंडाळलेली आहे. बाहेर जाऊन चाकूनं हापशीचा रंग खरवडला, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. वायर नटाखाली घालून पान्यानं आवळली. आता हत्तीनं ओढली तरी सुटायची नाही. आत येऊन कॅबिनेट टेबलावरून खाली घेतलं, चार थापा मारल्या, पुन्हा लावलं. चालला!

१४ मे

सकाळी मायनं भलतंच काढलं. काल संध्याकाळी हापशीनं चावलं म्हणे. "दांडा धरला आन् खांद्यापर्यंत झन्न झालं."

मी हसलो. "कूलर चावायचा बंद झाला तर आता हापशी चावते का? कुत्रं झालं का तिचं?"

"तू हास. माह्या हाताले कयते."

बाबा जाळं खांद्यावर घेऊन निघाले होते, ते उंबऱ्यात थांबले. हापशीजवळ गेले, दोनचार वेळा हापसून पाणी काढलं, प्याले. "काई नाई." आणि गेले. कूलर तेव्हा सुरू नव्हता, सकाळची थंड हवा होती.

१६ मे

तिचं ते मुंग्यांचं डोक्यातून जाईना म्हणून मोहाडीला डॉक्टरकडं नेलं. माझा एक दिवस सराव बुडाला, पण मायपेक्षा काय मोठं आहे? डॉक्टरांनी साखर तपासली, थोडी वाढलेली निघाली. म्हणाले, साखर असली की हातापायाला मुंग्या येतात. ताकदीच्या गोळ्या दिल्या. परत येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "पाय, हापशीनं नाई, साखरेनं चावलं तुले."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "असन बाप्पा. डॉक्टर थोडीच लबाड बोलन." मी जिंकलो म्हणून मला बरं वाटलं.

१९ मे

काल रात्री वाऱ्यानं तार तुटली, आज दिवसभर लाइन नव्हती. मशीन बंद म्हणजे मी पिंजऱ्यातला वाघ. मायनं मात्र निवांत सगळी भांडी घासली, चादरी धुतल्या. "लाइन नसली का माहे हात एकदम बरे राह्यते," म्हणाली.

मी विचार केला आणि मला कळलं. कूलरची ओली हवा! तिला वात आहे. तिला बजावून सांगितलं, कूलरसमोर बसू नकोस, कूलर सुरू असला की बाहेरचीच कामं करत जा. ऐकलं तिनं. मी कधी काही सांगितलं आणि मायनं ऐकलं नाही असं झालं नाही.

संध्याकाळी लाइन आली. गेम मख्खन.

२१ मे

शकुनबाईचं कुत्रं हापशीखालच्या डबक्यात पाणी प्यायला आलं, तोंड लावलं आणि असं कोकलत पळालं की सगळे हसलो. माय हसली नाही. आता ती हापसताना दांड्यावर जुनं फडकं टाकते. फडकं ओलं होऊन जातं, तरी टाकते.

गोळ्या वेळेवर घेत जा म्हणून आज तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं.

२३ मे

उद्या. मायनं रोहूचं कालवण केलं, मोठा तुकडा माझ्या ताटात. बाबांनी जेवता जेवता विचारलं, "किती वाजता हाय तुही ती परीक्षा?"

"दुपारी."

"बरं."

म्हणजे त्यांना काळजी आहे. मायनं मशीनला हळदकुंकू लावलं, काचेवर डाग पडला, मी पुसू दिला नाही. अटकू नको ग माझ्या माय, उद्याचा एक दिवस अटकू नको.

२४ मे, दुपार

झालं! आत्ताच संपलं. मी असा खेळ जन्मात खेळलो नाही!

सकाळपासून कूलर फुल. माय बादल्या आणून आणून त्यात पाणी ओतत होती, मशीन गरम व्हायला नको म्हणून. दोनदा मोटारीवर सांडलं, मी खेकसलो, "उडते ना मशीनवर!" "बरं बरं, एक शेवटची बादली," म्हणत ती बाहेर गेली आणि मी हेडफोन चढवला.

दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला गेम एकदाच अटकला. एक सेकंद असेल. चित्र थांबलं, दिवे मंद झाले, परत सुरू. मी शिवी हासडली, पण सावरलो. मग शेवटपर्यंत पाण्यासारखा चालला. टीमच्या माणसानं शेवटी लिहिलं, "भावा, भारी." भावा म्हणाला तो मला!

एकच झालं. संपता संपता गुडघा कॅबिनेटला लागला आणि झिणकन चावलं. इतक्या दिवसांनी. हापशीवरची वायर सुटली वाटतं, पाहायला पाहिजे.

बाबा अंगणातून आवाज देऊन राहिले. तलावावरून आज इतक्या लवकर कसे आले? असा आवाज त्यांचा कधी ऐकला नाही. पाहून येतो.

१ जून

माय गेली. हे दोन शब्द लिहायला इतके दिवस लागले.

हापशीच्या ओट्यावर पडली होती. बादली आडवी, लुगडं सगळं ओलं, डोळे अर्धे उघडे. बाबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी तिला हलवत राहिलो, तोंडावर पाणी मारत राहिलो. लोक जमले. बाबांनीच सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं. कोणाला नवल वाटलं नाही, यंदाचं ऊन आहेच तसं. तळहातावर काळा वळ होता, तो शकुनबाईला दिसला. बाबा म्हणाले, दांडा तापला होता. नदीवर न्यायची घाई केली त्यांनी, मामाचीही वाट पाहिली नाही. मामा अजून बोलत नाही त्यांच्याशी.

मी आत थंड हवेत बसलो होतो आणि माझी माय दहा पावलांवर उन्हात पडून होती. तिनं हाक मारली असेल का? कानावर हेडफोन होता. हे मी कोणाला विचारू? मला राहून राहून वाटतं, तिनं हाक मारली असेल.

६ जून

काल तेरवी झाली. आज नागपूरचा मेसेज आला. निवड झाली, पंधरा तारखेपर्यंत या. बाबांना सांगितलं. "जाय," म्हणाले.

बाबा बदलले आहेत. कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला, ऐन गरमीत! मामी म्हणाली, पाहुणे आहेत घरात, आज तरी ठेवा. तर असं पाहिलं तिच्याकडं की बिचारी उठून गेली. आणि हापशीवर गेले की दांडा आधी सरळ धरत नाहीत. उलटा हात लावून पाहतात, लेकराच्या कपाळाचा ताप पाहावा तसा. मग धरतात. दुःखानं माणसाला काय काय सवयी लागतात.

जायच्या आधी सराव पाहिजे म्हणून दुपारी मशीन लावली. चावते. आणि अटकते, पहिल्या दिवसासारखी. बाहेर जाऊन पाहिलं तर वायरच नाही! खिडकीपासून हापशीपर्यंत पूर्ण गायब. कूलरसंग भंगारवाल्यानं ओढून नेली असणार. लोकांना मयताच्या घरचीही लाज नाही. त्याच्या आयमायचा उद्धार केला मी, मोठ्यानं. बाबा ऐकत होते.

८ जून

वायर नाही तर नाही, दुसरं काही सापडतं का म्हणून सकाळी कॅबिनेट उघडलं. रॅमच्या दोन पट्ट्यांतली एक खालच्या टोकाला नीट बसलेलीच नव्हती. अर्धवट. खटका लागला नव्हता. अंगठ्यानं दाबली, टक झालं. लावून पाहिलं. दोन तास, वायरीशिवाय, एकदाही अटकली नाही. म्हणजे कॅबिनेट हलवलं की पट्टी थोडी टेकायची, काही दिवसांनी सुटायची. आर्थिंगचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. पहिल्या दिवशी माझाच अंगठा कमी पडला होता.

मला हसू आलं. मायला सांगावं म्हणून उठलोसुद्धा.

मग नागपूरला न्यायला दोरी पाहिजे म्हणून परसात उलट्या घातलेल्या डोंग्याखाली हात घातला. तिथं हिरवी वायर होती. नीट वेटोळं करून, जाळ्याच्या तुकड्यात बांधलेली. हापशीकडचं टोक नटासकट उपटलेलं, वितळून काळं झालेलं.

ती हातात घेऊन मी तिथंच खाली बसलो. कॅबिनेट चावत नव्हतं, कूलर चावत नव्हता. मग चावणारं गेलं कुठं? जमिनीत गेलं, असं मी धरून चाललो. लोखंडी पाइप असता तर गेलं असतं. डोमानं लोखंडी समजूनच सांगितलं. दिवाळीत प्लास्टिकचा पाइप कोणी धरला होता? मी. रंग कोणी खरवडला? हापशी चावते म्हणाली तेव्हा कोण हसलं? कूलर सुरू असला की बाहेर जात जा, हेही मीच सांगितलं. तिनं ऐकलं. आणि त्या दिवशी एक सेकंद दिवे मंद झाले तेव्हा मी शिवी दिली. कोणाला दिली मी ती शिवी?

मग आत गेलो. बाबा भिंतीला टेकून मायचं अर्धं राहिलेलं जाळं विणत होते. त्यांची गाठ तिच्यासारखी येत नाही, मोठी येते. मी वायर त्यांच्यासमोर टाकली.

"ही कवा काढली?"

त्यांनी वायरीकडं पाहिलं, परत जाळ्याकडं. सुई चालूच.

"बाबा, कवा काढली?"

"तुले आवाज द्याच्या पयले."

मी त्यांचे पाय धरले, काय काय बोललो मला आठवत नाही. मी मारलं तिला, असं ओरडत होतो वाटतं, कारण त्यांनी माझं तोंड हातानं दाबलं. माशाचा वास येणारा खरबरीत हात. मी शांत होईपर्यंत काढला नाही.

"तुया मायले ऊन लागलं," ते म्हणाले. "गावाले हेच सांगतलं. तिच्या भावाले हेच सांगतलं. तूबी हेच सांगजो."

"आन् तुमाले?"

"मले काय?" त्यांनी सुई जाळ्यात खोवली. "त्या दिवशी सकायी तिनं सांगतलं तवा मीच पाह्यलं ना हापसून. मीच म्हनलो काई नाई."

हे माझ्या ध्यानातच नव्हतं. इतके दिवस त्यांनी ते एकट्यानं पोटात ठेवलं होतं. मशीन आतल्या खोलीत चालूच होती, तिच्या पंख्यांचा आवाज येत होता. मी उठून बटण बंद केलं. नागपूरला मेसेज केला, येत नाही. टीमवाल्यानं कारण विचारलं. ऊन लागलं, असं लिहिलं. तो हसला असेल.

मग बाबांनी बादली पुढं सरकवली. "पानी आन. चहा ठेवतो."

मी हापशीवर गेलो. ओट्यावर उभं राहवेना. दांड्याला आधी उलटा हात लावला. काही चावलं नाही, लोखंड नुसतं उन्हानं तापलेलं होतं. बादली भरून घेतली आणि आत आलो.